सल्ला हवा आहे : दुसरी आणि चौथीतल्या मुलांचा अभ्यास उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी कसा सुरू ठेवावा?

निंबाची सावली (दारव्हा तालुका), ३ मे

सर्वांना नमस्कार. माझ्या मुलीची यंदा दुसरी झाली आणि मुलाची चौथी. दोघेही आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत जातात. आपल्याकडच्या शाळा उन्हामुळे बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात, त्यामुळे सात-आठ आठवडे मुलांचा पुस्तकाशी काहीही संबंध राहत नाही. गेल्या वर्षी याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. मार्चमध्ये लहान लहान वाक्ये सरळ वाचणारी माझी मुलगी जुलैमध्ये प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबू लागली आणि मुलाला हातच्याची वजाबाकी पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली.

गेल्या वर्षी मी काहीच केले नाही असेही नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या एका सुट्टीतील वर्गाला पैसे भरून दोघांनाही पाठवले होते. तिथे फळ्यावरचे उतरवून घेणे एवढेच चाले, आणि परतायची वेळ दुपारी साडेबाराची. एके दिवशी मुलाला ऊन लागले आणि तो चार दिवस अंथरुणाला खिळला. यंदा त्यांना कुठेही पाठवायचे नाही, हे मी पक्के ठरवले आहे.

माझी परिस्थिती अशी आहे : माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे. सकाळी लवकर वावरात जावे लागते, दहापर्यंत मी परत येते. घरी सासूबाई असतात, त्यांना वाचता येत नाही. फोन एकच आहे आणि तो यजमान संध्याकाळी घरी आल्यावरच मिळतो. रोज किती वेळ अभ्यास घ्यावा, नेमके काय घ्यावे आणि मुले कंटाळणार नाहीत, मलाही चिडावे लागणार नाही अशी काही रीत आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त गुरुजी (आर्वी), ४ मे

ताई, आपण परिस्थिती स्पष्ट मांडली, त्यामुळे सल्ला देणे सोपे झाले. मी छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, त्यावरून सांगतो.

अभ्यास सुरू करण्यापूर्वी मूल आज नेमके कुठे आहे ते पाहून घ्या, कारण इयत्ता आणि येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी वाचनाची तपासणी अगदी साधी आहे आणि घरीही करता येते. कागदाच्या चार तुकड्यांवर काही अक्षरे, काही सोपे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट लिहा. सुरुवात परिच्छेदापासून करा. तो सहज वाचला तर गोष्ट द्या, अडखळत वाचला तर शब्दांवर या. जिथे मूल थांबते तिथून सुट्टीतला अभ्यास सुरू करायचा. तिसरीत जाणारी मुलगी शब्दांवर थांबली तर घाबरू नका आणि तिच्यासमोर तसे बोलूनही दाखवू नका.

वेळेबद्दल विचारलेत. या वयाच्या मुलांना सकाळी वीस-पंचवीस मिनिटे आणि दुपारी तेवढीच पुरेत, मात्र त्यात एकही दिवस खंड पडू नये. सकाळी अंगण झाडून झाले की ओसरीवर सावली असते आणि डोके ताजे असते, ती वेळ गणिताला द्या. अकरा ते पाच मुलांना बाहेर पाठवायचेच नाही, तेव्हा दुपारची वेळ वाचनाची.

सासूबाईंना वाचता येत नाही हे आपण अडचण म्हणून लिहिले आहे, पण मला त्यातच या सुट्टीतला सर्वांत मोठा आधार दिसतो. मूल शिक्षकासमोर वाचते तेव्हा शिक्षकाला ती गोष्ट आधीच माहीत असते आणि चूक कुठे होते याकडेच त्याचे कान असतात, हे मुलालाही कळते. आजीला मात्र पुढे काय झाले हे खरोखरच माहीत नसते. ती विचारते, ‘मग त्या म्हातारीनं काय केलं?’ आणि ते सांगण्यासाठी मुलीला पुढची ओळ वाचावीच लागते. शाळेत मागे पडलेली कितीतरी मुले घरात कुणाला तरी वाचून दाखवता दाखवता वाचायला शिकलेली मी पाहिली आहेत. सासूबाईंना फक्त एवढे सांगा की मूल अडले तर थोडे थांबावे, रागावू नये, आणि गोष्ट संपल्यावर एक प्रश्न विचारावा.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपली मुलगी त्याच वर्गात जाणार असल्याने हे सांगून ठेवले. घड्याळ लावून वाचायला मात्र बसवू नका. रोज आवडीने वाचले की वेग आपोआप येतो.

लेखनासाठी शुद्धलेखनाची पाने भरून घेण्यापेक्षा ज्या लेखनाचा घरात उपयोग होतो ते करून घ्या. आठवडी बाजाराची यादी मुलीने लिहावी आणि बाजारातून परत आल्यावर हिशेब मुलाने करावा. महिन्यातून दोनदा मामाला पोस्टकार्ड लिहू द्या. पत्त्यातला पिनकोड मुलगाच शोधून लिहील, आणि विदर्भातल्या गावांचे पिनकोड ४४ पासून का सुरू होतात असा प्रश्न त्याला पडला, तर त्यातून भूगोलाचा एक चांगला धडा निघेल.

एक कळकळीची विनंती : शिक्षा म्हणून पाढे लिहायला लावू नका. दहा वेळा लिहिलेला पाढा हाताला पाठ होतो, डोक्याला नाही.

ग्रंथपाल (अचलपूर), ४ मे

वाचायला काय द्यावे, एवढ्यापुरतेच लिहितो. आपल्या किंवा शेजारच्या गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय आहे का, याची आधी चौकशी करा. अगदी ‘ड’ वर्गाचे लहान वाचनालय असले तरी तिथे मुलांच्या पुस्तकांचे एक कपाट बहुधा असतेच आणि सुट्टीत ते बंदच राहते, कारण कुणी मागायला येत नाही. आपल्या शाळेतही गोष्टींची पुस्तके असतील. मुख्याध्यापकांना भेटून, वहीत सही करून वीस-पंचवीस पुस्तके सुट्टीपुरती मागा, आणि हे काम सुट्टी लागल्यावर लगेच करा, नंतर शाळेला कुलूप असते.

फोन संध्याकाळी मिळतो, तेवढा पुरे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवलेले आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. आपल्या मुलीसाठी पहिल्या आणि दुसऱ्या पातळीच्या गोष्टी निवडा. रात्री दोन गोष्टी उतरवून ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी नेटवर्क नसले तरी अडत नाही. शक्य असेल तर एखादी गोष्ट तालुक्याच्या गावी छापून आणा. फोनवर मुले पडदा सरकवत राहतात, कागदावर मात्र थांबून वाचतात.

निंबाची सावली, १४ मे

गुरुजी, दादा, आपले मनापासून आभार. दहा दिवसांत जे घडले ते सांगते आणि आणखी एक अडचणही विचारते.

तपासणी केली तेव्हा मुलगी परिच्छेदापर्यंत आली, पण जोडाक्षरापाशी अडत होती. मुलाने गोष्ट वाचली. शाळेतून अठरा पुस्तके मिळाली. सासूबाईंनी पहिल्या दिवशी ‘मला काय समजणार’ म्हणून टाळले, आता दुपारी दार लोटून कुलर लावला की त्या स्वतःच विचारतात, ‘आज वाचायचं नाही का?’

याच आठवड्यात आमच्याकडे कुरोड्या केल्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचे असते. ते काम मी मुलांकडे दिले आणि रोज काय दिसले ते वहीत लिहायला सांगितले. मुलीने पहिल्या दिवशी लिहिले, ‘गहू कडक आहे.’ दुसऱ्या दिवशी लिहिले, ‘गहू फुगला.’ तिसऱ्या दिवशी लिहिले, ‘गव्हाला आंबट वास येतो आणि दाबला की दूध निघते.’ ‘कडक’ आणि ‘दूध’ तिला येत होते, पण ‘गव्हाला’ लिहिताना ती बराच वेळ थांबली, तोंडाने दोन-तीनदा म्हणून पाहिले आणि स्वतःच बरोबर लिहिले. चौथ्या दिवशी पहाटे चीक शिजवला, सासूबाईंनी सोऱ्या धरला आणि खाटेवर धोतर अंथरून मुलीने कुरोड्या ओळीने मोजल्या. एका ओळीत आठ, अशा सात ओळी आणि शेवटी पाच. तिने बोटावर मोजायला सुरुवात केली तेव्हा मुलगा म्हणाला, ‘आठाचा पाढा म्हण ना.’ आठ सत्ते छप्पन्न म्हणून झाल्यावर पाच मिळवून एकसष्ट हे तिने स्वतः काढले. पाढा असा कामाला येतो हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले असावे, कारण नंतर ती पापडही ओळीनेच वाळत घालू लागली.

आता अडचण. हीच मुलगी एकसष्ट लिहायला सांगितले की १६ लिहिते, सत्तेचाळीसचे ७४ करते. रोज सांगूनही चूक सुधारत नाही. शिवाय मी ‘सत्तेचाळीस’ म्हणते आणि ती ‘चाळीस सात’ म्हणते. नेमके बरोबर काय?

तिरोड्याचा बाबा, १५ मे

ताई, ही चूक आपल्या मुलीची नाही, मराठी संख्यानामांच्या घडणीची आहे. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी ऐकू येतो आणि चाळीस नंतर, पण लिहिताना चार आधी लिहावा लागतो. ऐकलेल्या क्रमाने मूल लिहिते. याच कारणाने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनाची पद्धत आली आणि तेव्हा त्यावर मोठी चर्चाही झाली. दोन्ही रूपे तिच्या कानांवर पडू द्या. ती ‘चाळीस सात’ म्हणाली की तुम्ही ‘हो, म्हणजे सत्तेचाळीस’ म्हणा. तिला चुकीचे ठरवू नका.

माझ्या मुलाची हीच चूक तुराट्यांनी सुटली. बोटभर लांबीच्या शंभर काड्या मोडून घेतल्या आणि दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधल्या. सत्तेचाळीस म्हटले की चार जुड्या डाव्या हाताला ठेवायच्या, सात सुट्या काड्या उजव्या हाताला, आणि मगच लिहायचे. साधारण दोन आठवड्यांनी काड्यांची गरज उरली नाही. हातच्याची वजाबाकीही यावरच शिकवा, कारण जुडी सोडून दहा काड्या सुट्या केल्या की हातचा घेणे म्हणजे काय ते दिसते. आमच्याकडे मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो आणि ७० पानांचे एक पुडके बांधतात. माझा मुलगा आजीजवळ बसून पुडक्यांचा हिशेब करतो. ज्या घरी जे काम चालते त्यातच मोजणी सापडते.

भाषेबद्दल एक सांगायचे राहिले. आमच्या घरी झाडीबोली बोलतात, आपल्याकडे वऱ्हाडी बोलत असतील. मूल ‘वावर’ म्हणते आणि पुस्तकात ‘शेत’ असते, म्हणून त्याला आपली बोली चुकीची आहे असे वाटू लागते आणि मग ते वर्गात बोलायचेच थांबते. माझ्या मुलाने एका वहीत दोन रकाने आखले आहेत, एकात आजीचा शब्द आणि दुसऱ्यात पुस्तकातला. पासष्ट शब्द जमले. शाळा उघडली की तो ती वही गुरुजींना दाखवणार आहे.

निवृत्त गुरुजी (आर्वी), १६ मे

तिरोड्याच्या दादांनी संख्यांविषयी जे सांगितले त्यात मला काहीही मिळवायचे नाही. आपल्या मुलासाठी मात्र एक काम सुचवतो, कारण चौथी झालेल्या मुलाला सगळे धाकट्या बहिणीच्या पातळीचे दिले तर तो लवकर कंटाळेल.

कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोन दिवस सूर्य भर मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली बाजूला पडत नाही. जुलैतला दिवस ढगांत जातो, मे महिन्यातला स्वच्छ दिसतो. दारव्ह्याकडे तो २१ किंवा २२ मे रोजी येईल, आमच्या आर्वीकडे २५ मेच्या सुमारास आणि तिरोड्याकडे आणखी दोन-तीन दिवसांनी. वेळ दुपारी सव्वाबाराच्या आसपास.

उद्यापासूनच अंगणात एक सरळ काठी रोवा आणि ती ओळंब्यात आहे की नाही ते दोरीला दगड बांधून मुलालाच पाहू द्या. रोज सव्वाबाराला सावलीच्या टोकावर कोळशाने खूण करायची, पट्टीने लांबी मोजायची आणि वहीत तारखेसह लिहायची. डोक्याला ओला दुपट्टा बांधून, पाणी पिऊन, फक्त दोन मिनिटे बाहेर, त्याहून अधिक नाही. सावली रोज थोडी थोडी आखूड होत जाईल. त्या दिवशी स्टीलचा पेला उपडा ठेवून दाखवा. त्यानंतरही खुणा आठवडाभर सुरू ठेवा. आत्ता ही सावली उत्तरेला पडते, तो दिवस उलटल्यावर ती कोणत्या बाजूला पडेल हे मात्र त्याला आधी सांगू नका.