किशोरवयीन नायिका ‘मोठी’ झाली, हे पानावर दिसतं कसं?

अर्धविराम:
कादंबरीचा पहिला खर्डा पूर्ण झालाय. नायिका पंधरा वर्षांची, सगळी गोष्ट तीच सांगते. थोरला भाऊ घर सोडून गेलाय आणि त्याची पत्रं हिच्या मैत्रिणीच्या पत्त्यावर येतात. घरात हे फक्त हिला ठाऊक. आई दाराकडे डोळे लावून बसते आणि ही गप्प. शेवटच्या प्रकरणात ती गच्चीवर एकटी बसून विचार करते, की वर्षभरात आपण किती बदललो, माणसं वाटतात तेवढी सरळ नसतात, वगैरे. ज्या दोघांना वाचायला दिलं ते दोघंही म्हणाले, ‘ही वाढलेली दिसत नाही, नुसती तसं म्हणते.’ मला हे पटत नाहीये. अख्खी कादंबरीभर पोरीने काय कमी सोसलंय? पण दोघं एकाच पानावर अडखळले म्हणजे तिथे काहीतरी असणार. तुम्ही वाचताना कशावरून ओळखता?

टाचणी:
गच्चीचं प्रकरण काढून टाका. आणि सोसलं म्हणून माणूस वाढतोच असं कुठंय? सोसून सोसून आहे तिथेच राहिलेला एक इसम मला रोज आरशात दिसतो.

जुनं_बाड:
टाचणी, गच्ची काढून काम भागणार नाही, तिच्या जागी काय येणार ते सांगायला हवं.

मी अशा कादंबऱ्यांत एकच जागा शोधते. पोराने असं काय केलं, जे पहिल्या प्रकरणात त्याच्या हातून झालं नसतं आणि ज्याची किंमत त्यालाच मोजावी लागली? मार्क ट्वेनची ‘हकलबेरी फिन’ घ्या (1884). धुक्यात हक हा पोरगा आणि पळालेला गुलाम जिम यांची चुकामूक होते. परत भेटल्यावर हक त्याची टिंगल करतो, तुला स्वप्न पडलं असेल म्हणून. जिम दुखावतो आणि तसं बोलूनही दाखवतो. मग एका गुलामापुढे नमतं घ्यायला हकला मनाची तयारी करत पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं ट्वेनने लिहिली म्हणून ती माफी खरी वाटते. नुसतं ‘हकला पश्चात्ताप झाला’ लिहिलं असतं तर आपण पान उलटून पुढे गेलो असतो.

पुढे याहून मोठी जागा येते. जिम कुठे आहे हे त्याच्या मालकिणीला कळवणारं पत्र हक लिहितो आणि मग फाडून टाकतो, आपण आता नरकात जाणार असं मनोमन मानून! आपण सुधारलो असं त्याला मुळीच वाटत नाही, आपण पुरते बिघडलो असंच वाटतं. शिकवलेलं सगळं डोक्यात तसंच आहे, हात तेवढा वेगळं करून बसला. तुमच्या नायिकेला मात्र गच्चीवर सगळं उमगलेलं आहे, आणि तेही स्वच्छ, पूर्ण वाक्यांत. तुमचे वाचक तिथेच अडखळले असणार.

दुसरं म्हणजे, गोष्ट सांगताना ती किती वर्षांची आहे? डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला पिप मोठेपणी मागे वळून सांगतो. त्याचा साधाभोळा भावोजी, जो गार्जरी, त्याला भेटायला लंडनला येतो, त्याची टोपी पुन्हा पुन्हा खाली पडते आणि पिपला त्याची लाज वाटते. तेव्हाचा पिप उर्मट आहे, सांगणाऱ्या पिपला त्या उर्मटपणाचीच लाज वाटते. दोघांमधलं हे अंतर सुरुवातीपासून आहे, त्यामुळे ‘मी बदललो’ असं वेगळं सांगायची वेळ येत नाही. उलट ‘कॅचर इन द राय’मधला होल्डन सतराव्या वर्षी सोळाव्या वर्षाचं सांगतोय. अंतर जवळजवळ नाहीच, म्हणून तो शहाणपणाच्या गोष्टी करू लागला तर खोटा वाटला असता. ‘शाळा’मधला नववीतला मुकुंदही शेवटपर्यंत आपल्या पोरकट भाषेतच बोलतो, मधेच प्रौढ होत नाही. तुमची नायिका अजून पंधराचीच असेल तर गच्चीवर बोलतंय ते कोण?

वाळूघड्याळ:
जुनं_बाड, पत्र फाडण्यापर्यंत सगळं मान्य. पण त्याच पुस्तकाचा शेवट तुम्ही अलगद टाळलात. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि हक पुन्हा त्याच्या मागे जातो. जिमला सोडवण्याचा पोरखेळ मांडला जातो, आणि जिमला स्वातंत्र्य मिळालेलं आहे हे टॉमला आधीपासून माहीत असतं. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने 1935 मध्ये लिहिलं होतं की जिमला पळवलं जातं तिथेच वाचणं थांबवा, पुढची सगळी फसवणूक. मला तोच भाग पटतो (लांबलाय, ते सोडा). तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा हुशार मित्र परत आला की कमावलेलं शहाणपण गळून पडतं. शिडी चढल्यासारखी एकेक पायरी वर जाणारी पोरं मी फक्त पुस्तकांत पाहिली आहेत. अर्धविराम, तिला एकदा चांगली घसरू द्या.

आणि होल्डन बोलत नसला तरी वागतो. साऱ्या लहान मुलांना पडण्याआधी झेलायची ज्याची इच्छा, तोच शेवटी बहीण फिरत्या घोड्यावर बसून कडं पकडायला झेपावते तेव्हा गप्प राहतो. पडली तर पडू दे म्हणतो. मला तेवढं पुरतं.

अर्धविराम:
सांगतेय ती पंधराचीच, त्यामुळे गच्ची जाणार. घसरण्याची जागाही सुचली आहे: रागाच्या भरात ती आईला म्हणते, ‘तो परत येणारच नाहीये,’ आणि हे तिला कसं ठाऊक याचं उत्तर तिच्यापाशी नाही. पण पुढे अडलंय. पत्रं दाखवली तर भावाला दिलेला शब्द मोडतो. नाही दाखवली तर आई तशीच झुरत राहते. यातलं कुठलं केलं म्हणजे ती मोठी होईल?

जुनं_बाड:
कुठलंही चालेल, पण ते तिला फुकट मिळायला नको. पत्रं दाखवली तर त्यानंतर भावाचं पत्र येणं बंद होऊ द्या, आणि मैत्रिणीच्या घरी चौकशीला जाणाऱ्या आईबरोबर हिलाच जावं लागू द्या. नाही दाखवली तर आईच्या शेजारी बसून तिला तोंडावर खोटं बोलू द्या, या वेळी मात्र विचार करून, कुणासाठी ते ठरवून. मला विचाराल तर दुसरं लिहायला जास्त अवघड आहे. ते आधी लिहून बघा.