पहिल्याच सत्रात खचलेल्या मुलांना उभारी कशी द्यावी?

वाळपईकर: गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोणकडची मुलं पहिल्या सत्रात दोन-तीन विषयांत अडकली की हळूहळू कॉलेजात दिसेनाशी होतात. प्रेरणादायी व्याख्यानाचा परिणाम जेमतेम दोन दिवस टिकतो. एका मेंटरकडे (मार्गदर्शक शिक्षकाकडे) वीस मुलं असतील, तर नेमकं काय करावं?

अंत्रुजची शिक्षिका: व्याख्यान उमेद देतं, वाट दाखवत नाही. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांनी आशेचे तीन घटक मांडले: ध्येय, तिथे पोचण्याच्या वाटा आणि आपण चालू शकतो हा विश्वास. नापास झालेल्या मुलाचं बहुधा वाटांपाशी अडतं.

एका वेळी एकच मूल, वीस मिनिटं, समोर त्याची उत्तरपत्रिका. मार्क कुठे गेले ते आधी पाहा: प्रश्न कळला नाही, वेळ पुरला नाही की इंग्रजीत मांडता आलं नाही? तिन्हींचे उपाय वेगळे. मग सहा आठवड्यांत होईल असं एक काम त्यानेच लिहायचं, उदाहरणार्थ 'ताळेबंदाची दहा गणितं न बघता सोडवीन'. खाली दोन वाटा. पहिली अडली की दुसरी.

'सरकारी नोकरी मिळवीन' इथे चालत नाही, कारण सहा आठवड्यांत काहीच हललेलं दिसत नाही. ध्येय आपण सुचवलं, तर मूल ते आपल्याला बरं वाटावं म्हणून मान्य करतं आणि सोडून देतं. सगळ्यात जास्त फसतं ते दुसऱ्या भेटीला: कागद फाईलला लागतो आणि विषय संपतो. पुढची तारीख तिथेच ठरवा, पंधरा दिवसांच्या आत. आठवड्याला पाच मुलं घेतलीत तर महिन्यात पहिली फेरी होते. अडकलेली मुलं आधी.

क्रेडिटचा हिशेब ठेवणारा: भेटीची वेळ ठरवताना गावाकडची शेवटची कदंब बस कधी सुटते ते विचारा. चारनंतर बोलावलंत तर लांबचं मूल येणारच नाही.

'वर्ष फुकट गेलं' ही भीतीही आकड्यांनी काढा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० क्रेडिट (अभ्यास मोजायची एकके) आणि सुट्टीतला ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स पूर्ण केला की बाहेर पडणाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळतं, तीन वर्षांत परतता येतं. हा बाहेर पडण्याचा सल्ला नव्हे; दार बंद झालेलं नाही एवढं त्याला कळायला हवं.

बांबोळीकर: मुलाचं झोप-जेवण तुटलंय, 'जगून काय करू' असं बोलतोय, तर ध्येयाचा कागद बाजूला ठेवा. जीव द्यायचा विचार येतो का, हे थेट विचारा; विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. एकटं सोडू नका. शेजारी बसून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, चोवीस तास मोफत आहे.