मदत हवी आहे: ‘व्यवस्थापक’ पदनाम दिल्यावर कामाच्या तासांची मर्यादा लागू राहत नाही का?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात आहे. सकाळी नऊला गेलेला तो रात्री दहाच्या आधी क्वचितच घरी येतो, शनिवारीही जातो, आणि ऐन पस्तिशीच्या आत त्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली आहे. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्के अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडले होते. त्यामुळे आमची काळजी अनाठायी नाही.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन अशी तरतूद आहे. मात्र भावाला ‘सहायक व्यवस्थापक’ केल्यापासून (पगार फारसा वाढला नाही, हा भाग वेगळा) हा कायदा त्याला लागूच नाही, असे मनुष्यबळ विभाग सांगतो. प्रत्यक्षात त्याच्या हाताखाली एकही माणूस नाही आणि कोणाची रजा मंजूर करण्याचाही अधिकार त्याला नाही.

कामगार कायद्याच्या जाणकारांनी कृपया सांगावे, की अशा प्रकरणात पदनाम पाहिले जाते की कामाचे खरे स्वरूप? हजेरीची नोंद कंपनीच्याच ताब्यात असल्याने रात्री उशिरा पाठवलेले ईमेल पुरावा म्हणून चालतील का? कामगार आयुक्त कार्यालयाकडे नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते का? नोकरी सोडण्याचा सल्ला तूर्त नको. घराचे कर्ज त्याच्याच नावावर आहे.