मुलाचं थंडीतलं पहिलं तंबूतलं शिबिर: घरून काय तयारी करून द्यावी?

सुदामानगरची आई, इंदूर

नमस्कार मंडळी. माझा मुलगा 11 वर्षांचा आहे, सहावीत. यंदाच स्काउटमध्ये गेला. संक्रांतीनंतरच्या शनिवारी त्यांचं पथक इंदूरजवळच्या चोरलकडे एका रात्रीसाठी तंबूत राहायला जाणार आहे. आजवर तो आजीच्या घराशिवाय कुठेही आमच्याविना झोपलेला नाही. सर्दी त्याला पटकन होते. सासूबाई म्हणतात, पाठवूच नका. मला मात्र पाठवायचंय.

दोन जीन्स, तीन स्वेटर आणि जाड जॅकेट काढून ठेवलंय. कापसाची मोठी रजई दिली तर चालेल का, की स्लीपिंग बॅग विकत घ्यावीच लागेल? आणि खरी धास्ती सांगते. रात्री त्याला थंडी वाजली तर कळणार कोणाला?

शिबिरवाला काका, रामबाग

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. चौदा वर्षं मी पोरांना शिबिराला नेतोय. एकदा जानापावच्या शिबिरात पहाटे पाचला तंबूंवरून फेरी मारत होतो. एका तंबूत एक मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बसलेला, दात वाजताहेत, पायात ओले मोजे. म्हटलं, अरे, उठवलं का नाहीस मला? मी चार पावलांवर झोपलो होतो. तो म्हणाला, "आईने सांगितलं होतं, सरांना त्रास देऊ नकोस." अडीच-तीन तास तो तसाच बसून होता. कोरडे मोजे घातले, माझ्या पांघरुणात घेतलं, गरम दूध पाजलं, अर्ध्या तासात तो सावरला. पण ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. तेव्हापासून पालकांच्या सभेत मी आधी हेच सांगतो की मुलाला त्याच्या तोंडावर सांगा, थंडी वाजली तर सरांना उठवायचं, दोनदा उठवावं लागलं तरी उठवायचं. घरी एकदा म्हणवून घ्या. अंधारात, अनोळखी जागी, मोठ्या माणसाला हाक मारायला पोराला फार धीर लागतो.

आता सामान. जीन्स दोन्ही परत कपाटात ठेवा. चोरलला पाणी जवळ आहे, पोरं भिजणारच, आणि भिजलेली जीन्स रात्रभर वाळत नाही. नाइटसूटच्या कापडाची नाहीतर ट्रॅकची पँट द्या. तीन स्वेटर एकावर एक घालण्यापेक्षा आत अंगाला लागून थर्मल, मधे एक लोकरीचा आणि वर वारा अडवणारं जॅकेट पुरतं. दिवसा खेळताना घाम येऊ लागला की वरचं काढायचं, हे त्याला सांगून ठेवा. दिवसाचा घाम अंगावर घेऊन झोपलेलं पोर रात्री हमखास गारठतं. म्हणून झोपायचे कपडे आणि मोजे वेगळ्या पिशवीत बांधून द्या. ती पिशवी झोपायच्या वेळीच उघडायची. मोजे सैल असू द्या, घट्ट मोज्यांत पाय उलट गार पडतात. कानटोपी हवीच.

स्लीपिंग बॅग एका रात्रीसाठी घेऊ नका. रजई चालेल, पण नुसती वर पांघरायला रजई दिलीत तर उपयोग नाही. थंडी वरून जितकी लागते त्याहून जास्त खालून, जमिनीतून चढते. अंगाखालचा कापूस वजनाने दबतो, त्यात हवा राहत नाही आणि ऊब धरणारी ती हवाच असते. तेव्हा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सपाट करून द्या, त्यावर योगासनांची फोमची चटई, त्यावर जाड सतरंजी. दोनच ब्लँकेट असतील तर एक खाली घालायचं. आमच्या पोरांना हे पटतच नाही, पहिल्या रात्रीनंतर मग पटतं.

जानेवारीत इंदूरला रात्रीचा पारा साधारण 10 अंशांच्या आसपास उतरतो, थंडीची लाट आली तर 5-6 पर्यंत. चोरलकडे पाणी आणि दरी. गार हवा जड असते, ती खोलगट जागेत साचते. म्हणून तंबू काठावर न लावता जरा चढावर लावायचा, पण ते आमचं काम. सगळ्यात कडक थंडी सूर्योदयाच्या जरा आधी असते. झोपायच्या आधी थोडी तिळगुळाची गजक किंवा मूठभर शेंगदाणे खाल्ले की अंगात ऊब टिकते. आणि लघवी करूनच झोपायचं.

एक गोष्ट कोणत्याही परिस्थितीत नको: तंबूत शेगडी किंवा कोळशाचा निखारा. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, झोपलेल्या माणसाला कळतच नाही. तंबूची खिडकीही थोडी उघडीच ठेवायची, नाहीतर श्वासाची वाफ आतून पाणी होऊन पांघरुणावर टपकते.

गाइडची आई, लोकमान्यनगर

काकांनी सगळं सांगितलंच आहे, माझं थोडं जोडते. माझ्या मुलीला दम्याचा त्रास आहे. गार हवा आणि शेकोटीचा धूर, दोन्हींनी तिचा दमा वाढतो. आम्ही पंप बॅगेच्या तळाशी न ठेवता एक तिच्या खिशात आणि एक मॅडमच्या हातात दिला, कधी द्यायचा तेही लिहून दिलं. सर्दीवाल्या मुलाचीही औषधं तशीच सरांकडे द्या.

दुसरं म्हणजे, रात्री बाहेर जायच्या भीतीने मुलं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. आमची तशीच करायची. टॉर्च उशाशी द्या, आणि अंथरूण ओलं होण्याची सवय असेल तर सरांना बाजूला घेऊन सांगा. पोराच्या समोर नको.

सुदामानगरची आई

काका, गरम पाण्याची बाटली देऊ का? आमच्याकडे थर्मासची चांगली बाटली आहे.

शिबिरवाला काका

थर्मास नको ताई, तो ऊब बाहेर सोडतच नाही. साधी एकपदरी स्टीलची बाटली द्या, झाकण घट्ट असलेली. सोसेल इतकं गरम पाणी भरून बाटली मोज्यात घालायची आणि पायाशी ठेवायची. उकळतं मुळीच नाही. झाकण आधी उलटं करून तपासा. आणि एक रात्र गच्चीवर झोपवून बघा त्याला, तुम्हीही सोबत झोपा.

सुदामानगरची आई

परवा रात्री गच्चीवर झोपलो, मी आणि तो. अकरा वाजेपर्यंत त्याला मजा वाटत होती. पुठ्ठा खाली घालायचा मी आळस केला, नुसती चटई होती. तीनच्या सुमारास त्याने मला हलवलं, "आई, पाठ गार पडलीय." रजईवर हात फिरवला तर वरून दवाने ओली आणि आतून उबदार. खालची चटई मात्र बर्फासारखी. खाली जाऊन वॉशिंग मशीनचं खोकं आणलं, पसरलं, वर सतरंजी घातली, तर पाचच मिनिटांत झोपला. सकाळी सासूबाईंनी ते खोकं बघितलं आणि म्हणाल्या, हे शिबिराला न्यायला दोरीने बांधून ठेव.

आता रोज रात्री झोपताना त्याच्याकडून म्हणवून घेते, "सर, उठा, मला थंडी वाजतेय." पहिल्या दिवशी पुटपुटला. काल शेजारच्या खोलीतून सासऱ्यांना ऐकू गेलं.