विषय : उट्रेख्तमध्ये मोटारीवाचून संसार होईल का?

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार,

आम्ही एप्रिलअखेरीस पुण्याहून नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला राहायला आलो असून लाइड्से राइन भागात भाड्याने घर घेतले आहे. घरात आम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा असे चौघे आहोत. दिवाळीच्या सुमारास सासूबाईही तीन महिन्यांसाठी येतील. भारतातला वाहनपरवाना इथे नोंदणी झाल्यापासून 185 दिवसच चालतो, त्यामुळे गाडी घ्यायची की नाही हे आताच ठरवावे लागणार आहे. यजमानांच्या कचेरीतली डच मंडळी म्हणतात की गाडीची गरज नाही. पण पाऊस, दोन मुले आणि दहा किलो तांदळाची पिशवी हे गणित सायकलवर कसे सुटते, हे आपल्यापैकी कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

एक नवी सभासद, लाइड्से राइन

---

सप्रेम नमस्कार,

आम्ही याच शहरात चौदा वर्षे गाडीशिवाय राहत आहोत, म्हणून उत्तर जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

तांदळापासूनच सुरुवात करते. दहा किलोची पिशवी कॅरिअरच्या एकाच बाजूच्या झोळीत टाकली, तर सायकल स्टँडवर उभी असतानाच आडवी होते. माझी पहिली पिशवी अशीच दुकानाच्या दारात फुटली होती. तेव्हापासून आम्ही एका झोळीत पाच किलो तांदूळ आणि दुसऱ्या झोळीत डाळी व कणीक असे तोलून भरतो आणि महिन्यातून एक खेप जास्त करतो. पुढच्या बाजूला लाकडी पेटी असलेली ‘बाकफीट्स’ सायकल घेतली, तर त्यात मुलगा आणि वाणसामान दोन्ही मावेल, पण विजेवर चालणारी नवी बाकफीट्स काही हजार युरोंना पडते. तेव्हा वापरलेली शोधावी, आणि घेण्यापूर्वी फ्रेमवरचा क्रमांक चोरीच्या सायकलींच्या सरकारी नोंदीत तपासून पाहावा. कुलपे दोन हवीत : एक मागच्या चाकाचे आणि दुसरी जाड साखळी, तीही जमिनीत पक्क्या बसवलेल्या कशाला तरी अडकवलेली. माझी एक सायकल नुसत्या चाकाच्या कुलपावर ठेवली म्हणून गेली. चोराने ती उचलूनच नेली असणार.

तुम्ही पुण्याच्या आहात, म्हणजे सायकल चालवता येतेच असे धरून चालते, तरीही इथे थोडे विसरावे लागेल. आपल्याकडे फट दिसली की शिरायचे, आणि पुढचा काय करील याचा अंदाज त्याच्या मानेवरून बांधायचा. इथे सगळा कारभार तुम्ही आपली रेघ सोडणार नाही या भरवशावर चालतो. वळायचे असेल तर आधी हात सरळ बाहेर काढावा, रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले (यांना ‘शार्कचे दात’ म्हणतात) आणि त्यांची टोके आपल्याकडे असली की आडव्या वाहतुकीला वाट द्यावी, आणि जिथे कोणतीच खूण नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. मोबाइल हातात धरून सायकल चालवायला 1 जुलै 2019 पासून बंदी आहे, आणि रात्री दिवे नसतील तर दंड ठरलेला. जुन्या पुण्यात दिव्यावरून पोलीस अडवीत असत, त्याची वडीलमंडळींना हमखास आठवण होईल.

आणखी एक बारीकशी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. साध्या डच सायकलीला पायडल उलटे दाबले की ब्रेक लागतो. सिग्नलला उभे असताना पायाने पायडल उलटे फिरवून वर आणायची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण ते हलतच नाही. हिरवा दिवा लागतो, मागे पंधरा जण उभे असतात, आणि आपण खालच्या पायडलशी झगडत राहतो. त्यावर उपाय असा की थांबता थांबताच उजवे पायडल वर येईल असे पाहावे. आठवडाभरात पायाला सवय होते.

तुमच्या भागातून जुन्या शहरात यायला दाफ्ने स्किपर्स पूल आहे. या शहरातल्या धावपटूचे नाव दिलेला, 2017 साली खुला झालेला हा पूल ॲमस्टरडॅम–राइन कालव्यावरून जातो आणि त्याचा चढ चक्क एका शाळेच्या छपरावरून वळतो. मोटारींना त्यावर प्रवेश नाही. उट्रेख्तच्या मुख्य रेल्वे स्टेशनखाली 12,500 सायकलींचा तळ आहे; त्यात सायकलवर बसूनच शिरायचे, रिकाम्या जागा दाखवणाऱ्या पाट्या पाहत जायचे, आणि पहिले 24 तास पैसे पडत नाहीत. आपला मजला आणि रांग मात्र लिहून ठेवावी. मी एकदा ऐन हिवाळ्यात पाऊण तास स्वतःची काळी सायकल काळ्या सायकलींत शोधली आहे. रेल्वेने दुसऱ्या गावी गेल्यावर पुढच्या टप्प्यासाठी स्टेशनवर ‘ओव्हे-फीट्स’ ही भाड्याची सायकल मिळते, आणि घडीची सायकल रेल्वेत कोणत्याही वेळी फुकट नेता येते. साध्या सायकलीला मात्र वेगळे तिकीट लागते आणि गर्दीच्या वेळी तिला मनाई असते.

इथल्या लोकांच्या रक्तातच सायकल आहे, असे आपल्या कार्यक्रमांतून नेहमी ऐकू येते. ते मला पटत नाही. 1971 साली या देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यानंतर ‘बालहत्या थांबवा’ असे म्हणत आईबाप रस्त्यावर बसले, 1973 च्या तेलटंचाईत रविवार मोटारींना बंद ठेवावे लागले, आणि मग हळूहळू रस्त्यांची आखणी बदलली. त्याच मुख्य स्टेशनजवळचा कातारैनेसिंगल हा कालवा एकेकाळी बुजवून तिथे मोटाररस्ता केला होता. 2020 साली तिथे पुन्हा पाणी आले. रक्तात असते तर एवढे करावे लागले नसते.

मुलीची काळजी नको. इथे शाळेतच मुलांची सायकलीवरून वाहतुकीची परीक्षा घेतात, आणि ती वर्षभरात तुमच्या चुका काढू लागेल. सासूबाईंना मागे बसवून फिरवायला कायद्याची हरकत नाही. पुण्यात डबलसीटला दंड भरलेल्या पिढीला याचे फार अप्रूप वाटते. माझ्या सासूबाई मात्र पहिल्या वळणावरच उतरल्या आणि पुढे तीन महिने बसनेच फिरल्या.

आपली,
उट्रेख्तची एक जुनी सभासद

---

सादर नमस्कार,

वरील पत्रातील मजकूर उट्रेख्तपुरता बिनचूक आहे, म्हणूनच थोडी पुरवणी जोडतो. मी देशाच्या दक्षिणेकडील लिम्बुर्ख प्रांतातील एका खेड्यात राहतो. इथे टेकड्या आहेत, संध्याकाळनंतर बस नाही आणि दवाखाना अकरा किलोमीटरवर आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मी विजेची सायकल रोज चालवतो, तरी गाडी विकलेली नाही आणि त्याबद्दल मला संकोचही वाटत नाही. मंडळाचे कार्यक्रम पुष्कळदा स्टेशनपासून दूरच्या सभागृहात होतात, त्याचाही विचार कार्यकारिणीने करावा.

ताईंना माझी एवढीच सूचना आहे की परवाना बदलून घेण्याची संधी दवडू नये. यजमानांना परदेशातून आलेल्या कुशल कर्मचाऱ्यांसाठीची ‘30 टक्के’ करसवलत लागू असेल, तर परीक्षा न देता तो दोघांनाही बदलून मिळतो. एरवी लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते आणि शिकवणीचा खर्च मोठा असतो. परवाना खिशात असला की गाडी विकत न घेताही तासांच्या हिशेबाने भाड्याने घेता येते. पावसाची भीती फार बाळगू नये, हवामानाच्या रडारवर तो अर्धा तास आधी कळतो. तयारी ठेवायची ती समोरच्या वाऱ्याची.

आपला,
लिम्बुर्खचे काका

---

सप्रेम नमस्कार,

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. करसवलत लागू आहे, त्यामुळे परवान्याचे अर्ज या आठवड्यातच करतो आहोत; गाडीचा विषय सासूबाई येईपर्यंत बंद ठेवला आहे. काल संध्याकाळी त्या शाळेच्या छपरावरच्या पुलावरून चौघे जाऊन आलो. पायडल माझेही खालीच राहिले आणि मागच्या आजोबांनी घंटी वाजवली.

कोणाकडे तीन वर्षांच्या मुलासाठी मागे लावायची खुर्ची पडून असेल, तर कृपया कळवावे. शनिवारी आम्ही सायकलवरून येऊन घेऊन जाऊ.

लाइड्से राइनहून