एसएन १९७९सी : नवजात कृष्णविवर की आणखी काही?

प्रश्न : एम १०० दीर्घिकेत १९७९ मध्ये दिसलेल्या एसएन १९७९सी या अतिनवताऱ्याच्या (मोठ्या ताऱ्याच्या अंतिम स्फोटाच्या) जागी कृष्णविवर जन्मले असावे, असे कशावरून म्हणतात? आणि ५ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेले ते ‘नवजात’ कसे?

उत्तर : अशा स्फोटानंतर क्ष-किरणांचे तेज सहसा ओसरते, येथे मात्र १९९५ ते २००७ या काळात चंद्रा आणि इतर दुर्बिणींना ते जवळजवळ स्थिर आढळले, म्हणून मागे कोसळणारे द्रव्य कृष्णविवर गिळत असावे, असा अर्थ २०१० मध्ये लावला गेला. ‘नवजात’ म्हणजे आपल्याला दिसते त्या अवस्थेत. तो प्रकाश तर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच निघालेला आहे.

दुसरे उत्तर : वेगाने फिरणारा न्यूट्रॉन ताराही (स्फोटानंतर उरणारा अतिघन गाभा) असे क्ष-किरण देऊ शकतो, त्यामुळे माझ्या मते ‘असावे’ हा शब्द सोडू नये.