आमच्या गल्लीला रात्री गेट लावायचं की नाही? (सिडको, नाशिक)

जुना सिडकोकर
महिन्याभरात गल्लीत तीन प्रकार झाले. एका रात्री सात गाड्यांच्या काचा फुटल्या. मग एक पल्सर गेली. आणि मागच्या गुरुवारी संध्याकाळी सातला, भाजीच्या गाडीपाशी, माझ्या आईची पोत खेचली. दीड तोळा. दुचाकीवर दोघं होते. मागच्यानं विचारलं, "मावशी, मारुती मंदिर कुठंय?" आईनं हात लांब करून दाखवला, तेवढ्यात त्यानं गळ्यात हात घातला. मानेवर वळ उठलाय, थोडी कातडीही सोललीय. "पोत गेली पण मेथीची जुडी सोडली नाही मी," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून सांगते, आणि रात्री जागी असते.

आता गल्लीच्या दोन्ही तोंडांना लोखंडी गेट बसवायचं, रात्री दहा ते पहाटे पाच बंद ठेवायचं आणि एक वॉचमन ठेवायचा, असं चाललंय. घरटी महिना ३०० रुपये. रविवारी बैठक आहे. माझा पाठिंबा आहे. विरोध असेल त्यांनी कारण सांगावं. "नाशिक पहिल्यासारखं राहिलं नाही" हे नको, ते आम्हालाही दिसतं.

सेकंड शिफ्ट
मी सांगतो भो. अंबडला कंपनीत आहे, गल्लीत यायला बारा वाजतात. म्हणजे रोज गेटबाहेर हॉर्न वाजवत उभा मीच राहणार, आणि शिव्याही मीच खाणार. सिडकोच्या सहा योजना झाल्या त्या अंबड-सातपूरला कामाला जाणाऱ्यांच्या घरांसाठी. त्यांनाच रात्री अडवायचं? आणि राग मानू नको दादा, काकूंची पोत सातला गेली. गेट दहाला लागणार.

जुना सिडकोकर
पोत सातला गेली, मान्य. काचा रात्री अडीचला फुटल्या, त्याचं काय?

गंगापूर रोड
सिडकोत हे चालायचंच. आम्ही वेळेवर विकून इकडे आलो. आता रात्री गाडी कुठं लावली हेसुद्धा आठवत नाही.

सेकंड शिफ्ट
आठवत नाही कारण ती पार्किंगमध्ये असते आणि खाली वॉचमन असतो. आमची रो-हाऊसं एवढुशी, त्यावर पोरांच्या लग्नासाठी मजला चढवलेला, गाडी रस्त्यावरच लागते. रात्री शंभर गाड्या उघड्यावर असल्या की काच फोडणारा कुठं जाईल? यात माणसं वाईट कुठून आली? आणि पोत खेचणारे तुमच्या जॉगिंग ट्रॅकलाही येतात, तिथं ‘मावशी’ऐवजी ‘मॅडम’ म्हणत असतील एवढंच.

वकील ताई
रस्ता महापालिकेचा आहे. परवानगीशिवाय गेट लावलंत तर ते अतिक्रमण. उद्या रात्री ॲम्ब्युलन्स अडली आणि चावीवाला सापडला नाही, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल.
आईंच्या गुन्ह्यात कलम कोणतं लावलंय ते आधी बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरीला वेगळं कलम आहे, ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण चोरी करताना जाणूनबुजून इजा केली असेल तर ती जबरी चोरी ठरते, ३०९, तिथं शिक्षा दहा वर्षांपर्यंत, आणि इजा केली असेल तर जन्मठेपेपर्यंतही जाते. मानेची वैद्यकीय तपासणी झाली का? वळ बुजला की हा मुद्दाच बुजतो.

जुना सिडकोकर
तपासणी नाही झाली. हळद लावली. उद्या नेतो. गुन्हा नोंदवला तोही तीन तास बसल्यावर. पल्सरवाल्याला तर "आठ दिवस शोधा, पेट्रोल संपलं की कुठंतरी टाकून देतात" असं सांगून परत पाठवलं. काचावाल्या सात जणांपैकी तक्रार दिली दोघांनी.

वकील ताई
मग कागदावर तुमची गल्ली शांत आहे. मोबाईल चोरीला जातो आणि नोंद ‘गहाळ’ म्हणून होते, तसंच हे. उरलेल्या पाच जणांना पाठवा, आणि पल्सरवाल्याला आधी.

निवृत्त हवालदार
ठाण्यात चुकलं असेल तर चुकलं, मी झाकत नाही. पण २०२५च्या दिवाळीच्या सुमारास ‘नाशिक जिल्हा कायद्याचा बालेकिल्ला’ मोहीम झाली, रस्त्यावर भाईगिरी करणारे कॅमेऱ्यासमोर हात जोडून तेच वाक्य म्हणत होते. तेव्हा टवाळखोर घरात बसले होते की नाही? धाक लागतो. गेट-बिट नंतरच्या गोष्टी.

वकील ताई
काका, धाक हवा, पण आरोपीकडून व्हिडिओत घोषणा म्हणवून घेणं कुठल्या कलमात बसतं? गुन्हा शाबित करणं कोर्टाचं काम आहे. तडीपारीचंही तेच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर काढता येतं, पण माणूस आठवड्याभरात आईला भेटायला म्हणून परत येतो आणि कट्ट्यावर बसतो. बघणारं कुणी नसतं.

निवृत्त हवालदार
बघायला माणूसबळ द्या, मग बोलू. बंदोबस्तातून सुटलेला शिपाई रात्रगस्तीला निघतो, तुम्ही पाहिलंय का कधी?

क्लासवाली
मी याच गल्लीत राहते. रात्री साडेनऊला अभ्यासिकेतून येते. कोपऱ्यावर जी पोरं बसतात, शिट्ट्या मारतात, गाडी मुद्दाम अंगावरून नेतात, ती बाहेरची नाहीत. तिघांची घरं मला माहीत आहेत. त्यातल्या एकाची आई गेटसाठी वर्गणी गोळा करत फिरतेय, आमच्याकडेही आली होती, मी चहा केला. गेट लागलं की ती पोरं आतच राहणार, आणि मीही आतच. ११२ ला एकदा फोन केला होता, गाडी आली, पोरं पांगली, दुसऱ्या दिवशी "कोणी फोन केला" याची चौकशी घरोघर झाली. पोलिसांनी नाही, शेजाऱ्यांनी केली.

जुना सिडकोकर
हे मला माहीत नव्हतं. खरंच. तीन नावं इथं नको, घरी येऊन आईला सांग. ती त्या बाईशी बोलेल, दोघींची भिशी एक आहे.

गंगापूर रोड
म्हणजे शेवटी भिशी!

सेकंड शिफ्ट
तू झोप रे. गाडी सांभाळ.
दादा, एक काम करू. भाजीच्या गाडीपाशी महापालिकेचा दिवा आहे, तो लागतो, पण बदामाच्या झाडात इतका घुसलाय की उजेड पानांवरच पडतो. खाली अंधार. काकू तिथंच उभ्या होत्या ना? रविवारी मला सुट्टी आहे, शिडी आणि कोयता आणतो.

वकील ताई
फांदी तोडायलाही परवानगी लागते. उद्यान विभागात अर्ज द्या. आणि हातात कोयता घेऊन सिडकोत फिरू नका, हवालदार काका वाचतायत.